फेब्रुवारीच्या रात्री

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा लागला की पुण्यात उन्हाचं बोलणं सुरू होतं. रिक्षात, भाजीच्या गाडीपाशी, बँकेत पासबुक भरून घेताना सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं: आत्ताच एवढं तापतंय, तर पुढे काय होणार? पेपरात कमाल तापमानाचा आकडा ठळक असतो आणि किमान तापमान त्याच्याखाली बारीक अक्षरांत. गेली काही वर्षं मी तो खालचा आकडा आधी बघते. दुपारचं ऊन सगळ्यांना जाणवतं. रात्र मात्र कोणाच्या लक्षात न येता ऊबदार होत जाते. आणि सह्याद्रीच्या आसऱ्याने राहणाऱ्या आपल्या मुलखाचा वसंत त्या रात्रींवरच उभा आहे, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

माझं आजोळ वेल्ह्याच्या बाजूला, तोरण्याच्या घेऱ्यात. मामा-मामी अजून तिथेच असतात. थोडी भातखाचरं, बांधावर रायवळ आंबे, पलीकडे करवंदीच्या जाळ्या, दारात एक जुनं जांभूळ. महाशिवरात्रीच्या सुमाराला तिकडे गेले होते, तेव्हा मामी म्हणाली, "आता पहाटं गोधडी लागत नाय गं. पायाशीच पडून असती."

"पण मामी, दिवसा तर आधीपासूनच तापायचं ना?"

"दिवसाचं काय, दिवसा माणूस सावली बघून बसतं. रात्री कुठं जायचं?"

तिच्या या प्रश्नाने मला रात्रीच्या हवेबद्दल वाचायला लावलं. जे कळलं त्यातलं बरंचसं आपल्या डोळ्यांसमोरच घडत असतं.

आपल्याकडे फेब्रुवारीत दिवसाचं तापमान साधारण 32 अंशांपर्यंत चढतं आणि पहाटे 12-13 अंशांवर उतरतं. एकाच दिवसात वीस अंशांचा उतार! हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असतं, म्हणून हे जमतं. सूर्य मावळला की जमीन दिवसभराची उष्णता वर आकाशात सोडून देते. डोंगर असेल तर आणखी एक गोष्ट घडते. उतारावरची हवा आधी गार होते, गार हवा जड असते, ती घळींतून, ओढ्यांच्या पात्रांतून खाली सरकते आणि खोऱ्याच्या तळाशी साठते. म्हणूनच थंडीत गडाच्या पायथ्याच्या गावात मुक्काम करणारे रात्रभर कुडकुडतात आणि वर माचीवर झोपलेल्यांना, वारा नसेल तर, तेवढं गारठायला होत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठून हिमकण होतात, त्याचे फोटो छापून येतात. त्याच पहाटे बाजारपेठेतला पारा बराच वर असतो. कारण हेच. पुण्यातही पाषाण, एनडीए, शिवाजीनगर इथले हिवाळ्यातले किमान आकडे मगरपट्टा आणि कोरेगाव पार्कपेक्षा बहुतेक वेळा काही अंशांनी खाली असतात. एकीकडे टेकड्यांवरून उतरणारा गारवा आणि थोडीफार मोकळी जमीन, दुसरीकडे दिवसाचं ऊन रात्रभर धरून ठेवणारं काँक्रीट.

तापमानाचा हा रात्रीचा उतार अडतो तो कशाने? हवेतलं बाष्प वाढलं किंवा ढगांचा पडदा आला की जमिनीतून निघालेली उष्णता बाहेर जात नाही. हवेतला कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, वर्षभर तेच काम करत असतो आणि त्याचं प्रमाण दरवर्षी वाढतं आहे. शिवाय आपली थंडी येते उत्तरेकडून. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात येतात, हिमालयात बर्फ टाकतात, आणि ते पुढे सरकले की मागून उत्तरेचा गार, कोरडा वारा खाली महाराष्ट्रापर्यंत पोचतो. ते झंझावात दुबळे पडले की तिकडे बर्फ कमी आणि इकडे गोधडी पायाशी.

थंडी कशी जाते याचं आपल्या घरांतलं एक जुनं वेळापत्रक आहे. संक्रांतीला दिवस तीळतीळ वाढायला लागतो. रथसप्तमीपासून उन्हाला धार येते. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघते, आणि त्यातूनही काही उरली तर होळी जळाली, थंडी पळाली. तिथी पुढेमागे होतात हे आपल्या आज्यांना ठाऊक होतंच. 2023 मध्ये महाशिवरात्र 18 फेब्रुवारीला आली आणि 2024 मध्ये 8 मार्चला. तेव्हा तारखेची घट्ट बांधणी त्यात कधीच नव्हती. पण क्रम होता. थंडी टप्प्याटप्प्याने, निरोप घेत घेत जायची, आणि त्या टप्प्यांमध्ये झाडांना, माणसांना, गुराढोरांना अंग सरावायला वेळ मिळायचा. मला जीव तुटतो तो या मधल्या वेळासाठी. भारतीय हवामान विभागाच्या 1901 पासूनच्या नोंदींत मार्च 2022 हा देशातला सर्वांत तापलेला मार्च ठरला. लगेच पुढच्या वर्षी फेब्रुवारी 2023 मधलं देशाचं सरासरी कमाल तापमान फेब्रुवारीतलं सर्वाधिक होतं. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये दिवस-रात्र मिळून काढलेली देशाची सरासरी 22.04 अंशांवर गेली, नेहमीच्या 20.70 पेक्षा 1.34 अंशांनी जास्त. तोही विक्रमच. दीड अंशाहून कमी फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण ही अख्ख्या देशाची, अख्ख्या महिन्याची सरासरी आहे, आणि तिच्यात पहाटेही धरलेल्या आहेत.

सह्याद्रीतला वसंत कोवळा, ओला, हिरवा नसतो. चित्रांतला वसंत बघून इथे येणाऱ्या माणसाला माळ सगळा वाळलेला दिसेल. आपला वसंत कोरड्यात फुलतो. पाऊस जाऊन चार महिने झालेले असतात, गवत पिवळं पडलेलं असतं, आणि अशा वेळी निष्पर्ण काटेसावर लालभडक फुलते. पळस पेटतो, पांगारा उजळतो, खडकाळ उतारावर गणेराची पिवळीधमक फुलं उमलतात. मार्चमध्ये कुसुमाला तांबडी पालवी येते, ती लांबून फुलांसारखी दिसते. अंजनीच्या फांद्यांना जांभळ्या-निळ्या फुलांचे गुच्छ लगडतात. करवंदीची पांढरी फुलं तर वासावरूनच कळतात. हे सगळं कोणत्या पाण्यावर चालतं? खोल मुळांच्या आणि खोडात साठवलेल्या पाण्यावर. झाड दिवसा जे पाणी गमावतं त्याची भरपाई ते रात्री करतं. हवा गार असते, पाणी उडून जाणं जवळजवळ थांबतं, मुळांनी ओढलेलं पाणी खोडात भरत राहतं. रात्र उष्ण आणि कोरडी झाली की ही भरपाई अपुरी राहते. बाहेरून काही दिसत नाही. फुलं येतात, लाल रंग तोच असतो. पुढे शेंग भरताना, फळ धरताना झाड कमी पडतं.

आणि किती झाडं रात्रीवर विसंबून आहेत! कुंभ्याची मोठी, पांढरट फुलं रात्री उमलतात आणि सकाळी त्यांचा सडा खाली पडलेला असतो. त्यांच्यावर येतात ती वटवाघळं आणि रात्रीचे पतंग. ठाणे-नाशिककडच्या डोंगरांत मोहाची फुलं रात्री उमलून पहाटे गळतात, म्हणून तिथल्या बाया टोपल्या घेऊन उजाडायच्या आत रानात जातात. ज्यांना आपण दिवसाची फुलं म्हणतो, त्यांच्यावरही मधमाश्यांची झुंबड असते ती सकाळच्या गारव्यात. मधमाश्यांचं गणित तर फारच नाजूक आहे. पोळ्यात अळ्या-कोषांच्या भोवतीचं तापमान त्या 34-35 अंशांच्या आसपास राखतात. बाहेर त्याहून तापलं की मकरंद आणायचं सोडून कामकरी माश्या पाणी वाहायला आणि पंखांनी वारा घालायला लागतात. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे गाव 2022 च्या मे महिन्यात देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. त्या भागातला जांभळाचा, हिरड्याचा, गेळ्याचा मध प्रसिद्ध आहे. जांभूळ फुलतं मार्च-एप्रिलमध्ये. त्या दिवसांत माश्या पाणी भरण्यात गुंतल्या तर मध कोणी करायचा?

यात एक गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करते. काही झाडं दिवसाच्या लांबीवर पालवी आणि फुलं काढतात. दिवसाची लांबी हवामानबदलाने हलत नाही. मार्चचा अमुक दिवस शंभर वर्षांपूर्वी जेवढा होता तेवढाच आजही असतो. काही झाडं गारव्यावर चालतात, आणि कीटक बहुतेक उबेवर. इतकी वर्षं दिवसाची लांबी, गारवा आणि ऊब एकाच चालीने जात होती, म्हणून फूल उघडलं की माशी हजर असायची. आता ती चाल तुटते आहे. फूल त्याच्या वेळेवर आणि माशी तिच्या वेळेवर, दोघांचंही काही चुकलेलं नाही, आणि तरी भेट होत नाही.

आंब्याचं तर प्रत्येक घराला माहीत आहे. मोहोर फुटायला काही आठवडे थंड रात्री लागतात. हापूसचे बागायतदार डिसेंबर-जानेवारीत किमान तापमानाकडे जसे डोळे लावून बसतात, तसं क्वचितच कोणी बसत असेल. थंडी उशिरा आली तर मोहोर उशिरा. मग फळ सुपारीएवढं होतं न होतं तोच फेब्रुवारी-मार्चमध्ये पारा 35 च्या पुढे जातो आणि फळगळ होते. मध्येच एखादा थंडीचा झटका आला तर आधीची फळं झाडावर असतानाच पुन्हा मोहोर येतो, आणि नव्या मोहोराला रस देण्यात जुनी कैरी गळते. मार्केट यार्डात पहिली पेटी किती हजारांना गेली याची बातमी आपण चवीने वाचतो. त्या भावात बागायतदाराच्या किती रात्री जागून गेल्या असतील, ते तिथे छापलेलं नसतं. मामाच्या रायवळाचा तर बाजारच नाही. पण लोणच्याच्या कैऱ्या त्याच्याच, आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला डाळ-पन्हं त्याचंच. यंदा मामीने डाळीसाठी कैऱ्या भोरच्या बाजारातून आणल्या. घरच्या झाडाखाली वाळक्या कैऱ्यांचा सडा पडलेला असताना पिशवी घेऊन एसटीने बाजारात जाणं तिला फार लागलं.

पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याची दगडी इमारत आहे. समोरच्या चौकाला सगळं गाव सिमला ऑफिस म्हणतं. खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, त्याची ही खूण. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र राहिलं. त्या चौकातून जाताना मला नेहमी हिमालय आठवतो. 1875 मध्ये सुरू झालेल्या या खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी 1884 मध्ये मांडलं होतं की हिमालयात बर्फ जास्त पडलं आणि जास्त काळ टिकलं की पुढचा पावसाळा दुबळा जातो. त्याच विचाराच्या आधारावर 1886 मध्ये मोसमी पावसाचा पहिला दीर्घकालीन अंदाज दिला गेला. आज पावसाचं गणित त्याहून कितीतरी गुंतागुंतीचं आहे हे आपल्याला कळतं. पण दूरच्या डोंगरावरचा वसंत आपल्या शेतापर्यंत येतो, हे ब्लॅनफोर्ड यांनी ओळखलेलं खरंच आहे.

त्या दूरच्या डोंगरावर काय चाललंय? उत्तराखंडात बुरांस हा राज्यवृक्ष मानला जातो. त्याची लाल फुलं एरवी मार्च-एप्रिलची, ती अलीकडे कित्येक ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीतच दिसू लागली आहेत. हिमाचलात सफरचंदाच्या जुन्या जातींना हिवाळ्यात 7 अंशांखालचे हजारभर तास लागतात. ते खालच्या खोऱ्यांत पुरेनासे झाले तशा बागा वर, किन्नौर आणि लाहौलकडे सरकल्या. डोंगराळ प्रदेशांचा अभ्यास करणाऱ्या काठमांडूच्या इसिमॉड या संस्थेच्या 2025 च्या अहवालानुसार त्या हिवाळ्यात हिंदुकुश-हिमालयात बर्फ टिकून राहण्याचं प्रमाण सरासरीपेक्षा 23.6 टक्के कमी होतं, 23 वर्षांतलं सर्वांत कमी. हवामान खातं उष्णतेची लाट जाहीर करताना मैदानी भागासाठी कमाल तापमान किमान 40 अंश धरतं, किनाऱ्यासाठी 37 आणि डोंगराळ भागासाठी 30. डोंगरातली माणसं, झाडं, घरं गारव्याला धरून घडलेली असतात. 30 अंश हीसुद्धा त्यांच्यासाठी लाट ठरू शकते. तिकडे सफरचंदाला थंडीचे तास हवेत, इकडे हापूसला थंडीच्या रात्री. दोन्हीकडे हरवते आहे ती थंडीच.

तोरण्याच्या पायथ्याचं पाणी हा आणखी एक धागा. आपले डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेले आहेत. वरच्या सच्छिद्र थरात मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या कठीण थराला अडून बाजूने झऱ्यासारखं बाहेर येतं. आजोळी अशा झऱ्यावर एक दगडी कुंडी बांधलेली आहे, आणि गव्यापासून भेकरापर्यंत सगळ्यांची तीच. पुण्याची ॲक्वाडॅम ही संस्था हिमालयातल्या आणि सह्याद्रीतल्याही झऱ्यांवर काम करते. डोंगर कुठलाही असो, झरा हाच वाड्यावस्त्यांचा नळ. फेब्रुवारीत उष्णता चढली की माणसांचं आणि गुरांचं पिणं वाढतं, उघड्या पाण्याची वाफ जास्त होते, आणि पाऊस तर अजून चार महिने दूर असतो. उन्हाळा पंधरा दिवस आधी येणं म्हणजे त्या कुंडीवरचा ताण पंधरा दिवसांनी लांबणं.

आणि दव. गार, निरभ्र रात्री गवतावर दव पडतं, सकाळी उशिरापर्यंत पाऊलवाट ओली असते. असं दव पडलेल्या गवतात वणवा नीट पसरत नाही. संध्याकाळी कोणी आग लावली तरी रात्री ती मंदावायची, माणसं झाडाच्या ओल्या डहाळ्यांनी ती झोडपून विझवायची. रात्री कोरड्या राहिल्या की वणव्याला ती विश्रांती मिळत नाही. तो रात्रभर चढत राहतो, आणि अंधारात खाली गावातून डोंगराच्या सोंडेवरची लाल रेघ दिसते. वणवे बहुतेक वेळा माणसंच लावतात. पुढच्या वर्षी गवत चांगलं यावं म्हणून, ससा-डुक्कर हुसकायला म्हणून, कधी नुसत्या बिडीच्या थोटकाने. त्यात करवंदीच्या जाळ्या जातात. एप्रिल-मे मध्ये पाटी घेऊन "डोंगरची काळी मैना" अशी हाळी देत पुण्याच्या पेठांमध्ये येणाऱ्या बायांचं महिनाभराचं उत्पन्न त्या जाळ्यांत असतं. मामाच्या गावाने यंदा एक शहाणपणाचं काम केलं. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, इतकी वर्षं माघ संपता संपता काढत. या वेळी पौषातच काढली. गवत आधी वाळतंय, तर पट्टाही आधी, एवढा साधा हिशेब. तरुण पोरं आळीपाळीने रात्री सोंडेवर जातात.

शहरात आपण एवढं तरी करतो का, हा प्रश्न मला पडतो. वेताळ टेकडी, पर्वती, तळजाई, बाणेर-पाषाणच्या टेकड्या: या सगळ्या सकाळच्या फिरण्याच्या जागा म्हणून आपल्याला प्रिय आहेत. पण त्यांचं मोठं काम रात्रीचं आहे. सूर्य गेला की उतारावरची गार हवा खाली सरकते आणि कोथरूड, सेनापती बापट रस्ता, पाषाण इथल्या घरांच्या खिडक्यांतून आत येते. ज्यांच्याकडे एसी नाही, जे पत्र्याखाली झोपतात, त्यांना तर हाच एक आधार. बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीतून काढावा की नाही यावर गेली कित्येक वर्षं वाद चालू आहे. त्यात वाहनांचे आकडे असतात, झाडांचे असतात. भूजलाचाही मुद्दा नागरिकांनी नेटाने मांडला. रात्रीच्या हवेचा हिशेब मात्र कोणी मागितलेला मी ऐकला नाही. उतार कापला, पायथ्याशी उंच इमारतींची भिंत उभी राहिली, तर गार हवेने यायचं कोणत्या वाटेने?

म्हणून आमच्या सोसायटीतल्या काही जणींनी मिळून एक अर्ज लिहायला घेतला आहे. टेकडीलगतच्या कुठल्याही बांधकामाला किंवा रस्त्याला परवानगी देण्याआधी, त्याने आजूबाजूच्या वस्तीचं पहाटेचं तापमान किती बदलेल याची मोजणी व्हावी आणि ती लोकांसमोर ठेवावी, एवढीच त्यात मागणी आहे. मोजायला लागतं तरी काय? उतारावर, पायथ्याशी आणि वस्तीत काही तापमापक, आणि डिसेंबर ते मार्च रोज पहाटेची नोंद. शाळांना सांगितलं तर मुलं आनंदाने करतील. खालच्या मजल्यावरचे निवृत्त काका सही करताना म्हणाले, "तोपर्यंत आपणच का नाही सुरू करत? माझ्या गच्चीवर लावा एक." तो तापमापक आता लागला आहे. दुसरा मी मामाकडे, जांभळाच्या सावलीतल्या पडवीत टांगून आले. मामी रोज पहाटे चूल पेटवायच्या आधी आकडा बघते आणि नात तो वहीत लिहिते.